पाखरू शब्दाचे दोन अर्थ

हे लिहावं की लिहू नये, यात माझे बरेच दिवस गेले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कागदावर आपलं म्हणणं मांडलेलं नाही. कागदाशी संबंध आलाच, तर अंगठा उठवण्यापुरता. ती माणसं माझ्यापेक्षा कितीतरी जाणती होती, तरी ती काही न लिहिता गेली, आणि मी मात्र चार बुकं शिकलो म्हणून लिहायला बसलो आहे. हा आगाऊपणा वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. मला शेतीतलं शास्त्र कळत नाही आणि पक्ष्यांतलं तर त्याहूनही नाही. फक्त तरुणपणी माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीच्या बदल्यात माझ्या माणसांनी मला जे दिलं, ते माझ्या मागे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढीच इच्छा आहे.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. पुढे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि आम्ही जागचे न हलता सांगलीकडचे झालो. घर तीन खणांचं, पुढे सोपा, सोप्यात दोन बैलं. पहाटे आधी जात्याचा आवाज यायचा, मग आईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा, आणि या दोन्हींवरून विहिरीकडची मोटेच्या चाकाची कुरकुर. न्याहारीला शिळी भाकरी, वर ताजं ताक आणि खरडा. जोंधळ्याच्या कण्या ज्या दिवशी असत, त्या दिवशी आई वाडग्यात मधोमध खळगा करून त्यात दूध ओतायची. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी जेवलो, पण त्या खळग्यातलं दूध कडेनं हळूहळू कण्यांत जिरताना बघण्यात जे सुख होतं, तसं पुन्हा काही ताटात आलं नाही.

घरात आई, आबा, मी आणि हौसाआत्या. आत्या आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी विट्याला दिलेली, म्हणून ती आमच्याकडे राहायची. आबा तिला आक्का म्हणत आणि तिच्या शब्दाबाहेर सहसा जात नसत. शेतातली राखण हे तिचं काम. जोंधळ्याला कणसं धरली की चार मेढींवर माळा उभा राहायचा, आणि आत्या उजाडायच्या आत गोफण खांद्यावर टाकून त्यावर चढून बसायची. तिची हाक नदीपलीकडे ऐकू जाते असं लोक म्हणत. गोफणीतला दगड, म्हणजे गुंडा, सुटला की दोरीचा फटकारा असा निघायचा की नवख्या माणसानं कानावर हात ठेवावेत. पण इतकी वर्षं राखण करून तिच्या गुंड्यानं एखादं पाखरू मेलं असं मी पाहिलं नाही. ती पाखराच्या वाटेत गुंडा टाकायची, पाखरावर नाही.

आमच्या शेताच्या उगवतीच्या बांधाला लागून जोंधळ्याची एक काकरी, म्हणजे पेरणीची एक ओळ, आम्ही कापत नसू. तिला घरात 'पाखरांची काकरी' म्हणत. ही रीत गावात आणखी दोन-चार घरांत होती. आत्या दिवसभर पाखरं हाकलायची ती त्या काकरीच्या दिशेनं, आणि तिकडे मात्र गुंडा कधी टाकायची नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, हाकलायची बी आन वाढायची बी, ह्ये कसं?" ती म्हणाली, "आपल्या दारात भिकारी आला तर त्यो काय सैपाकघरात घुसतोय व्हय रं? भाईर बसवून वाढायचं. तसंच ह्ये." चिमण्या, कवडे, सुगरणी, थंडीत लांबून येणाऱ्या भोरड्या, सगळ्यांना ती काकरी पाठ होती. मुलं शाळेत जागेवर बसतात तशी ती सकाळी तिथं येऊन बसायची. बांधावर बाभळी होत्या, बोरी होत्या, गवत कमरेएवढं. त्या गवतात लावे असत, आणि पाय पडला की ते भुर्रकन उडून आपलाच जीव वरखाली करत.

मी कॉलेजात गेलो तेव्हा गाव हळूहळू बदलायला लागलं होतं. लढाईचे दिवस होते. धान्याची टंचाई होती, आणि सरकारी माणसं गावोगाव येऊन सांगत की पीक वाढवा, पड ठेवू नका, बांध बारीक करा, नासाडी थांबवा. आमच्या शेजारचे बापूआप्पा पहिले ऐकणारे. त्यांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, बांधावरच्या बाभळी तोडून चुलीत घातल्या आणि निम्म्या रानात ऊस लावला. इंजिन सुरू झालं की सगळ्या शिवारात नुसता धडधडाट. आबा त्या आवाजाकडे कौतुकानं बघत. मीही बघत होतो, खोटं कशाला सांगू. आम्हाला ती भरभराट वाटत होती, आणि काही अंशी ती होतीही. आज माझ्या गावात ऊस घराच्या उंबऱ्याला टेकला आहे. पोरं शिकली, घरं पक्की झाली, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त सकाळी दाराशी उभं राहिलं की काहीतरी कमी आहे असं वाटतं, आणि ते काय, हे कळायला मला थोडा वेळ लागतो.

कॉलेज सांगलीला, विश्रामबागेच्या माळावर. मी तिथल्या वसतिगृहात राहायचो आणि बहुतेक वेळ भीत असायचो. इंग्रजी बोलणारी मुलं, वकिलांची, मामलेदारांची. मास्तरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी मान खाली घालायचो. गावाकडचा माझा एकच दुवा म्हणजे दादूभाई मणेर. ते आमच्या पंचक्रोशीत काकणं भरायचे आणि महिन्याकाठी माल आणायला सांगलीला यायचे. येताना आई त्यांच्याजवळ भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. आमच्या सोप्यात बसून ते आईच्या हातात काकणं भरत, तेव्हा आत्या त्यांना डिवचायची, "भाई, तुझी काकणं पंधरा दिस बी टिकंनात." दादूभाई मान वर न करता म्हणत, "आवं आक्का, टिकली तर माझी चूल कशी पेटायची?"

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा पावसाळी जोंधळा निघून पाखरांची काकरी तेवढी उभी होती, शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, नुकता पेरला होता, आणि चावडीत पांढुरक्या पावडरीची पोती येऊन पडली होती. पिकांच्या रक्षणासाठी सरकारनं पाठवलेली. बरोबर पत्रकं. मराठी पत्रकं वाटेतच संपली, आमच्या गावाच्या वाट्याला इंग्रजी आली. ती वाचणारा गावात कुणी नव्हता. मग आबांनी मला बोलावून घेतलं. चावडीच्या पायरीवर वीस-पंचवीस माणसं बसली होती, बापूआप्पा खांबाला टेकून, आणि आबांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पोरानं सगळ्या गावासमोर इंग्रजी वाचायचं होतं.

मी वाचायला लागलो. पिकाला उपद्रव देणाऱ्या किड्यांसाठी ती पावडर होती. कोंडा आणि गूळ यांत ती मिसळून बांधाच्या कडेनं टाकायची, असं लिहिलं होतं. मी म्हणालो, "पिकांवरच्या कीटकांसाठी हाय."

"कीटक म्हंजी काय गा?" बापूआप्पांनी विचारलं.

कुणीतरी हसलं. पुस्तकी शब्द बोललो म्हणून मला लाज वाटली. पत्रकात त्या किड्याचं जे इंग्रजी नाव होतं, त्यात गवत होतं आणि उडी होती, पण दोन्ही मिळून नाकतोडा होतो हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मला आमच्या घरातला दिवा आठवला. दिव्यावर जे बारीक पंखवाले जीव येऊन पडत, त्यांना आई पाखरं म्हणायची. "दिव्यावर झाकण घाल, पाखरं पडत्यात," असं ती रोज म्हणायची. आपल्या लोकांना कळेल असा शब्द सापडला म्हणून मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "म्हंजी पाखरं हो. पिकाचं नुकसान करत्यात ती पाखरं. त्यांचं औषध हाय ह्ये."

"हां, आसं मराठीत बोल की गड्या," बापूआप्पा म्हणाले.

पत्रकाच्या खाली बारीक अक्षरात आणखी सात-आठ ओळी होत्या. त्यांत तीन-चार शब्द मला अडले. समोर माणसं वाट बघत होती, आबा बघत होते. अडलो असं म्हणायला जीभ वळेना. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "बाकी सही-शिक्का हाय." या एका वाक्याबद्दल मी स्वतःला पुष्कळ वर्षं माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आबा सोप्यात बसून कोंडा कालवत होतो. आत्या मुलीकडे विट्याला गेली होती, ती दुसऱ्या दिवशी यायची होती. आबा म्हणाले, "पाखरं जितं बसत्यात तितंच टाकायचं न्हवं?"

"व्हय. बांधाच्या कडंनं."

"काकरीपाशी?"

मला वाटलं, काकरी बांधाला लागून आहे, म्हणून म्हणताहेत. "व्हय, तितंच. गवतात लय असत्यात ती."

आबांनी हात थांबवला. "आक्काला काय सांगायचं?"

"त्यात काय सांगायचं? पिकाचा फायदाच हाय की."

आबा पुन्हा कालवायला लागले. आज मला तो थांबलेला हात दिसतो. त्यांना ते करायचं नव्हतं. पण सरकार सांगत होतं, पोरगा इंग्रजीतून वाचून सांगत होता, आणि दोघांपुढे आपलं जुनं काही बोलणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं असावं. ते फक्त एवढंच म्हणाले, "शिकल्याली मानसं म्हंत्यात तर आसंल." किड्यांचं औषध संध्याकाळी टाकायचं असतं. आबांनी ते उजाडताना टाकलं, कारण पाखरं उजाडताना येतात.

सकाळी मी उठलो तो बापूआप्पांच्या बोलण्यानं. ते सोप्यात उभे राहून आबांना सांगत होते, "रामा, तुझ्या पोरानं बेस औषध सांगितलं. जाऊन बघ तर खरं, काकरीत सडा पडलाय. उद्या आमी बी टाकनार." आबा तसेच रानाकडे धावले. मी काही न कळून मागून निघालो. जाताना मनात आलं, नाकातोंडात जाणारे बारीक किडे मेले असतील. बांधाशी पोचलो आणि उभा राहिलो.

चिमण्या होत्या, कवडे होते, सुगरणी होत्या. काही काकरीत, काही गवतात, एक कवडा पाण्याकडे जाताना पाटात पडलेला. एक चंडोल अजून जिवंत होता आणि गोल गोल फिरत होता. आबा बांधावर उकिडवे बसले होते, माझ्याकडे बघत नव्हते. आणि त्याच वेळी विट्याच्या वाटेनं आत्या आली. डोक्यावर गाठोडं, पायांवर धूळ. तिनं गाठोडं खाली ठेवलं. एकेक पाखरू उचलून ती पदरात घ्यायला लागली. रडली नाही. पदर भरला तेव्हा तिनं विचारलं, "ह्ये कुनी केलं रं रामा?"

आबा म्हणाले, "सरकारी औषध हाय आक्का. पाखरांचं. इष्णूनं वाचून सांगितलं."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या माणसाची अचानक ओळख पटेनाशी व्हावी तशी ती बघत होती.

मी पळतच घरी आलो. माझ्या ट्रंकेत शब्दकोश होता. पत्रकाच्या खालच्या त्या ओळी मी शब्द शोधत शोधत वाचल्या. त्यांत लिहिलं होतं की औषध संध्याकाळी टाकावं आणि उरलेलं उजाडायच्या आत गोळा करून पुरून टाकावं, पक्ष्यांच्या, कोंबड्यांच्या आणि गुरांच्या तोंडी लागू देऊ नये. पक्षी हे किडे खातात, म्हणून त्यांना जपावं. ज्या ओळींना मी सही-शिक्का म्हणालो होतो, त्या ओळींतच सगळं होतं.

दुपारी लोक पावडर न्यायला चावडीवर जमणार होते. मला वाटत होतं, कुठेतरी निघून जावं. सुट्टी संपायला दोन दिवस होते, पण गाडी रोज होती. न बोलता सांगलीला गेलो असतो तर गाव मला शहाणाच समजलं असतं. गावाच्या दृष्टीनं औषध लागू पडलं होतं. उद्या सगळ्या शिवारात ते पडलं असतं, पाखरं मेली असती, आणि माझं नाव झालं असतं. हे लिहिताना माझ्या लक्षात येतं की मी निघालो तो धैर्यानं नव्हे. आत्या परसात खड्डा खणत होती, आणि खोऱ्याचा तो आवाज मला घरात बसू देईना.

चावडीवर बापूआप्पा सगळ्यांच्या पुढे, हातात घमेलं. मी पायरीवर चढलो. आबा गर्दीच्या मागे उभे होते. मी म्हणालो, "माझं चुकलं. ह्ये औषध नाकतोड्यांचं हाय. उडत्या पाखरांचं न्हाई. मी पाखरं म्हनालो ती किड्यांस्नी."

"मंग परवा किडं का म्हनाला न्हाईस?" कुणीतरी विचारलं.

"दिव्यावरल्या किड्यांस्नी आपन पाखरंच म्हंतो की."

"आरं पन दिव्यावरची पाखरं जोंधळा खात्यात व्हय?" आता सगळेच हसले.

मी तसाच पुढे बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "आन खालच्या वळी मला वाचता आल्या न्हाईत. मी सही-शिक्का म्हनून सांगितलं. त्यात लिवलंय, संध्याकाळी टाका, उजाडायच्या आत उचलून पुरा, कोंबड्या-गुरांच्या तोंडात जाऊ देऊ नगा."

हसणं थांबलं. बापूआप्पांनी घमेलं खाली ठेवलं. ते माझ्याकडे न बघता आबांकडे वळून म्हणाले, "रामा, कालेजात ह्येच शिकिवत्यात व्हय? वाचाय येईना तर सही-शिक्का म्हनायचं?"

आबा पुढे आले, माझ्या हातातला कागद घेतला, आणि उलटा की सुलटा हे न कळता सगळ्यांना दाखवत म्हणाले, "ऐकलंसा न्हवं? संध्याकाळी टाका, पहाटं उचला. ज्याला उचलायचं जमत न्हाई त्यानं न्हेऊ नये." मग कागद मला परत देऊन ते घराकडे चालू लागले. मी मागून. वाटेत ते एकदाच बोलले. "आता सांगली बास. रानात ये."

खरं तर मला ते पटलं होतं. ज्याच्या शिकण्यानं घरात असं झालं, त्यानं पुढे शिकून काय करायचं होतं? घरी आल्यावर आबांनी आईला तसं सांगितलं. आईनं डोळ्यांना पदर लावला. चूल पेटलेली होती, आत्या हात धुऊन नुकतीच आत येऊन बसली होती. तिच्या नखांत माती होती. माझ्यावर सगळ्यात जास्त रागवायचा हक्क कुणाचा असेल, तर तिचा होता.

ती म्हणाली, "का रं रामा, सांगली का बास?"

"बघितलंस न्हवं आक्का, काय शिकून आलाय त्ये?"

"आर्धं शिकून आलाय. आर्धं वाचलं म्हनून पाखरं म्येली. सगळं वाचलं आसतं तर वाचली आसती. आता तू त्याला आर्ध्यातच काढनार आन म्हननार शिक्षान वंगाळ. आमी न शिकल्याली मानसं कुनाला येवडी इजा करीत न्हाई. पुरी शिकल्याली बी करीत नसतील. ह्यो मधलाच लय वंगाळ. त्याला मधी सोडू नगंस."

आबांनी चुलीत एक लाकूड सारलं आणि आईला म्हणाले, "जिवू, वाढ त्याला. परवा जायाचंय." त्या रात्री ताटात कण्या आल्या. मी खाली मान घालून जेवलो, कारण वर बघितलं असतं तर जेवता आलं नसतं.

आज पुष्कळ वेळा लोक मला विचारतात, तुमच्या घरात शिक्षणाची आवड कुणामुळे आली. मी आत्याचं नाव सांगतो, तर त्यांना वाटतं ती चार यत्ता शिकलेली असेल. तिला अंकसुद्धा बोटांच्या पेरांवर मोजावे लागत.

निघताना ती वेशीपर्यंत आली. पाखरं एकमेकांना सांगतात असं तिचं म्हणणं होतं. ज्या रानात मरण दिसलं, त्या रानाला ती वळसा घालतात. "यंदा येतील का न्हाई, द्येवाला ठावं," ती म्हणाली. "आली तर दादूभाईसंगट सांगावा धाडीन." मी विचारलं, नाही आली तर? ती म्हणाली, "मंग बी धाडीन. तुला कळाय पायजे."

पहिल्या महिन्यात दादूभाई आले. वसतिगृहाच्या फाटकाशी त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं आणि मी विचारायच्या आधीच मान हलवली. "न्हाई. शाळू झकास उगवलाय, पन शिवार कसं मुकं वाटतंय. बापूआप्पानं दोन बाभळी आनखी पाडल्या." त्यांच्या मागे सांगलीची रहदारी चालली होती आणि त्यांच्या पेटीत काकणं किणकिणत होती. मी त्यांना चहा पाजला. त्या दिवशी मला अभ्यास झाला नाही.

दुसऱ्या महिन्यातली खबर त्याहून वाईट. आमच्या शाळूवर अळी पडली होती. पाखरं नव्हती म्हणूनच पडली, असं मी ठामपणे म्हणणार नाही. अळी इतर साली पडतच नव्हती असं नाही. पण दादूभाईंनी सांगितलं की आबा आणि आत्या सकाळी उठून दोघंच काकऱ्या धरून चालतात, पानापानावरची अळी हातानं वेचतात आणि मडक्यात टाकतात. "तुजा आबा म्हंतोय, आक्का, ह्ये काम पूर्वी कोन करायचं त्ये आता कळलं." मी विचारलं, आत्या काही म्हणाली का. "कंबर धरून उभी ऱ्हायली, आन म्हनाली, आमाला चोचीबी न्हाईत." ते हसले. मी हसलो नाही, आणि मग त्यांनीही हसू आवरलं.

त्या दिवसांत मी वाचायला शिकलो. म्हणजे वाचता पूर्वीही येत होतं, पण आता कागदाच्या शेवटपर्यंत जायची सवय लागली. शब्द अडला की वर्गात हात वर करून विचारायचो. मुलं हसत, पण ते हसणं मला चावडीवरच्या हसण्यापुढे काहीच वाटत नव्हतं. एका मास्तरांनी विचारलं, "तू आधी इतका गप्प कसा होतास?" मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, पण सांगता आलं नाही. ते आज सांगतो आहे. पुढे मी शिक्षक झालो, आणि न कळलेलं कळलं म्हणून सांगणारा विद्यार्थी दिसला की मी त्याच्यावर कधी ओरडलो नाही. त्याला जवळ बसवून खालच्या ओळी वाचायला लावल्या.

संक्रांत झाली. शाळू पोटऱ्यात येऊन निसवला असणार, कणसं बाहेर पडून दाणा भरत आला असणार, हे मी सांगलीत बसून हिशेबानं धरत होतो. पाखरं यायची असतील तर याच दिवसांत. दादूभाईंचा यायचा वार टळला. आणखी एक आठवडा गेला. मी संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायला लागलो. वाईट खबर सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असेल, असंही वाटून गेलं.

ते आले ते भर दुपारी, पेटी डोक्यावर घेऊन, घामानं निथळत. पेटी खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं, "दादूभाई, काय?"

"दम खाऊ द्ये की रं." त्यांनी टोपी काढून वारा घेतला. "परवा सकाळी तुमच्या घरी गेलो तर घरात कुनी न्हाई. रानात गेलो. माळ्यावर तुजी आत्या, खाली तुजा आबा. आन काकरीत ही दाटी. चिमण्या हायत्या, कवडं हायती, भोरड्यांचा तर निस्ता ढग उतरलाय. काकरी कवाच फस्त झाल्याली. आता भरल्या शाळूत घुसल्यात, आन तुजी आत्या गप बसून बघतीय. गोफन मांडीवर."

"हाकलत न्हवती?"

"न्हाई म्हंतोय न्हवं. तुजा आबा खालनं वरडतोय, आक्का, आगं हाकल की आता, निम्मं पीक गेलं. तर ती वरनं काय म्हनाली ठावं हाय?"

मी मान हलवली.

"म्हनाली, थांब जरा रामा. लय लांबनं आल्यात. न्ह्यारी तरी करू द्ये त्यास्नी."